पप्पा आधी कव्हर वाचायचे

आमच्या घरी सिनेमा लावायच्या आधी पप्पा त्याचं कव्हर वाचायचे. नुसतं चाळायचे नाहीत, वाचायचे. चष्मा लावून, खाटेच्या कडेला बसून, ओळीखालून बोट फिरवत. आई सीडी प्लेयरपाशी बसलेली असायची. ती म्हणायची, "अहो, परीक्षा आहे का त्याची?" पप्पा नुसता हात वर करायचे, म्हणजे थांब. पुढचं चित्र बघून झालं की पुन्हा मागचा मजकूर, आणि मग मान हलवून म्हणायचे, "लाव आता."

तेव्हा आम्ही मोशीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मागच्या खिडकीतून फुलकोबीचं शेत दिसायचं आणि समोरच्या रस्त्याने दिवसभर टेम्पो जायचे. आईपप्पा लातूरकडचे. लग्नानंतर वर्षभरात पप्पा इकडे आले आणि भोसरीच्या एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या वर्कशॉपमध्ये लागले. भट्टीतून लालभडक झालेला लोखंडाचा तुकडा चिमट्याने काढून साच्यात ठेवायचा, की वरून हॅमर आदळायचा. मी एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला आईबरोबर तिथे गेले होते. गेटच्या बाहेर उभी होते तरी पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. आतली माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलत होती. मला ते फार गमतीचं वाटलं होतं. घरी येऊन मी बरेच दिवस मैत्रिणींशी तसंच बोलायचे.

आठवड्याच्या सुट्टीला दुपारी सिनेमा, हा आमचा नेम होता. घरमालकीण काकूंनी त्यांच्या पुढच्या खोलीत सीडी लायब्ररी काढली होती. काकू मोशीच्याच, जुन्या घरातल्या. जमिनीचा एक तुकडा रस्त्यात गेला तेव्हा काकांनी टेम्पो घेतला आणि काकूंनी हट्टाने ही लायब्ररी. सिनेमाचं त्यांना जबर वेड. भाजी निवडता निवडता त्या गिऱ्हाइकाला सिनेमाची गोष्ट सांगायच्या आणि शेवट आला की थांबायच्या. "फुडचं काय सांगू, घेऊन जा की."

लायब्ररीची एक पद्धत होती. सीड्या पांढऱ्या कागदी पाकिटात, पाकिटावर नंबर. कव्हरं मात्र काकू कुणाला घरी द्यायच्या नाहीत. पोरं त्यातली हिरोची चित्रं कापून वहीला लावायची, म्हणून सगळी कव्हरं त्यांनी लग्नाच्या फोटोंच्या असतात तसल्या अल्बममध्ये प्लास्टिकच्या कप्प्यांत घालून ठेवली होती. गिऱ्हाइकाने अल्बम उलटायचा, कव्हर पसंत करायचं, नंबर सांगायचा आणि सीडी घेऊन जायची. फक्त पप्पांना काकू कव्हर काढून द्यायच्या. पप्पांनी एकदा मागितलं, त्यांनी दिलं आणि दुसऱ्या दिवशी ते कव्हर घडी न मोडता परत आलं. तेव्हापासून पप्पांचा तो हक्कच झाला.

त्या कव्हरांवर किती काय असायचं ते आता आठवलं तरी मजा वाटते. हिरोचा चेहरा मोठा, त्याच्या खांद्यामागे हिरॉईन, खाली कोपऱ्यात आग किंवा जीप. व्हिलन नेहमी लाल नाहीतर हिरवा. सिनेमात जी बाई फक्त एका गाण्यात नाचून जायची, ती कव्हरवर निम्मी जागा खाऊन बसलेली असायची. मागच्या बाजूला शिक्क्याएवढे फोटो आणि त्यांच्यामध्ये कथा. मराठी सिनेमाची कथा मराठीत असायची आणि ती हमखास प्रश्नावर संपायची. तो आपल्या बहिणीला वाचवू शकेल का? सासूला सत्य कळेल का? हिंदी सिनेमाची कथा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. ती मला वाचायला लागायची. मी सातवीत होते, मराठी शाळेत. निम्मे शब्द मला कळायचे, निम्मे मी ठोकून द्यायचे.

त्या वाचण्यामुळे पप्पांचा घरात एक दरारा होता. सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ गेला की ते म्हणायचे, "ह्याच्यावर लक्ष ठेवा. हा दगा देणार." आणि तो दगा द्यायचाच. मला वाटायचं, पप्पांना माणसं ओळखता येतात. कव्हरच्या मागे तोच माणूस हातात पिस्तूल घेऊन उभा आहे, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही, कारण आई आणि मी कव्हर बघायचोच नाही. आमचा सिनेमा सीडी आत सरकली की सुरू व्हायचा. पप्पांचा काकूंच्या ओट्यावरच सुरू झालेला असायचा. कोण कुणाचा कोण, कोण चांगला, कोण वाईट, एवढं सगळं घेऊनच ते खाटेवर बसायचे.

एका सुट्टीला त्यांनी एक मराठी सिनेमा आणला. कव्हर नेहमीसारखं वाचलं. सीडीला सुरुवातीलाच चरे पडलेले होते. चित्र अडकायचं, चौकोन चौकोन दिसायचे, मग पुन्हा अडकायचं. आईने सीडी काढून पदराने पुसली, फुंकर मारली, पुन्हा लावली. शेवटी कंटाळून तिने रिमोटने सिनेमा पुढे ढकलला. नावं वगैरे सगळी गेली. चालू झालं तेव्हा हिरो एसटीच्या स्टँडवर उभा होता.

सिनेमा साधाच होता. तालुक्याच्या गावातला एक कंडक्टर, भरघोस मिशांचा. घरी म्हातारी आई. त्याच्यावर चोरीचा आळ येतो, नोकरी जाते आणि लाजेने तो कुणाला न सांगता गाव सोडतो. बऱ्याच वर्षांनी परत येतो तेव्हा मिशा काढलेल्या, अंगावर शहरी कपडे. गावात कुणी त्याला ओळखत नाही आणि तोही ओळख देत नाही. आई अंथरुणाला खिळलेली असते. तो तिच्या उशाशी जाऊन बसतो. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, आपल्याला फक्त तिचे पांढरे केस दिसतात. ती तशीच, वळून न बघता म्हणते, "जेवलास का?" आणि मग हात मागे नेऊन त्याचा चेहरा चाचपते. तिथे सिनेमा संपतो.

आई रडली. मी रडले. पप्पांनीही चष्मा काढून डोळे पुसले. पप्पांना तसं बघायची आम्हाला सवय नव्हती. आई उठून चहा करायला गेली.

संध्याकाळी जेवताना विषय पुन्हा निघाला. पप्पा भाकरी मोडत म्हणाले, "त्या म्हातारीचं मन मोठं बघ. हा आपल्यापाशी राहिलेला पोरगा नव्हे, हे तिनं ओळखलं होतं."

आई म्हणाली, "म्हणजे?"

"म्हणजे काय? हा दुसरा. लहानपणी हरवलेला. ह्यानंच तर त्या कंडक्टरला गावातून घालवला आणि त्याच्या जागी येऊन बसला. म्हातारीनं तोंडावरून हात फिरवला तेव्हाच तिला कळलं. पण ती बोलली नाही. हाही आपलाच ना, म्हणून गप्प राहिली."

मी हसायला लागले. "पप्पा, दुसरा कुणी नव्हताच. एकच होता. त्याने मिशा काढल्या होत्या."

"तुझं लक्ष नव्हतं," पप्पा म्हणाले. "जुळे भाऊ होते. सगळी गोष्टच ती आहे."

ते उठले आणि टीव्हीवर ठेवलेलं कव्हर घेऊन आले. खरंच, मागे लिहिलं होतं. जत्रेत ताटातूट झालेले जुळे भाऊ. एक सरळमार्गी, दुसरा वाईट संगतीला लागलेला. एकाच्या जागी दुसरा येतो. आई आपल्या खऱ्या मुलाला ओळखू शकेल का? पुढच्या बाजूला त्याच हिरोचे दोन चेहरे होते, एक मिशीवाला, एक बिनमिशीचा. मी कव्हर उलटसुलट बघितलं. फोटोंत जीप होती, मारामारी होती, समुद्र होता. आम्ही पाहिलेल्या सिनेमात यातलं काहीच नव्हतं. काकूंनी दसऱ्याच्या आधी अल्बम पुसून काढले होते, तेव्हा एकाच हिरोची दोन कव्हरं इकडची तिकडे झाली होती.

"काकूंनी चुकून दुसऱ्याच सिनेमाचं कव्हर दिलंय," मी म्हणाले. मला अजून हसू येत होतं.

आई हसत नव्हती. तिने पप्पांना विचारलं, "शेवटी ती म्हातारी काय म्हणाली?"

"कुठे काय म्हणाली? बोललीच नाही ती. तेच तर सांगतोय."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि मला म्हणाली, "जेव तू."

जेवण झालं. पप्पा मोरीपाशी हात धुवायला गेले. त्यांची पाठ आमच्याकडे होती. आईने भांडी गोळा करता करता, आवाज न चढवता, नेहमी बोलते तसं म्हटलं, "अहो, तुमच्या खांद्यावर पाल आहे."

पालीला पप्पा फार घाबरायचे. ते सावकाश हात धुवत राहिले. चूळ भरली, नळ बंद केला, टॉवेल घेतला आणि वळले. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत होतो. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी विचारून झालंय आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलेलं नाही. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकणार नाही. शाळेत पाठ न केलेल्या मुलाला बाईंनी उभं केल्यावर तो जसा बघतो, तसं काहीसं.

"कधीपासून?" आईने विचारलं. या वेळी त्यांच्या समोर जाऊन.

पप्पा खाटेवर बसले. "लई दिवस झाले," ते म्हणाले. "आधी नुसते कान वाजायचे. रातकिड्यासारखे. मग कमी कमी होत गेलं."

"आम्ही बोलतो ते कळतं की तुम्हाला."

"तोंड दिसलं की कळतं. थोडं ऐकू येतं, थोडं तोंडावरून. तुझं तर सगळं कळतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिचं कमी कळतं. ही लई घाई करते बोलताना."

"मला सांगायचं तरी," आई म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू मोठ्यानं बोलायला लागली असतीस. मग सगळ्या गल्लीला कळलं असतं. गल्लीतनं वर्कशॉपमध्ये. आणि हॅमरवरून काढून मला गेटवर बसवला असता."

आईने टॉवेल त्यांच्या हातातून घेतला आणि वाळत घातला. मला मात्र एकदम सगळं आठवायला लागलं. मागून हाक मारली की पप्पा थांबायचे नाहीत. मी शाळेतली काही गोष्ट सांगायला लागले की ते हनुवटीला धरून माझं तोंड आपल्याकडे वळवायचे. मला वाटायचं लाडाने करतात. टीव्हीचा आवाज ते कधी वाढवा म्हणायचे नाहीत. वाढवा म्हणणाऱ्याला ऐकू येत नाही, हे लोकांना लगेच कळतं ना. त्याऐवजी ते गोष्ट आधीच वाचून बसायचे.

दुसऱ्या दिवशी सीडी परत करायला आई स्वतः गेली, मला बरोबर घेऊन. तिने कव्हर काकूंच्या पुढ्यात ठेवलं आणि अदलाबदलीचं सांगितलं. काकूंनी कपाळाला हात लावला. "माजीच चूक झाली बाई. पुसताना इकडचं तिकडं झालं." त्यांनी अल्बम काढला, दुसरं कव्हर शोधलं आणि दोन्हींची जागा बदलली. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "काय झालं? भाऊंना राग आला व्हय?"

आई म्हणाली, "नाही, राग कसला." तिला सांगायचं नव्हतं. पप्पांनी तसं बजावलं होतं.

काकू हळूच म्हणाल्या, "त्यांच्या कानाचं म्हणतीस का? मला ठावं हाय. मी त्यांच्याशी बोलताना हातातलं काम बाजूला ठेवते आन् वर बघून बोलते. त्यांनी कधी सांगितलं न्हाई, मी कधी इचारलं न्हाई."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकूंना वाटलं पप्पांच्या कानांसाठी आलं. घरी येताना रस्त्यात आई म्हणाली, "त्या बाईला कळलं, आणि मी रोज ताट वाढते, मला कळलं नाही." नंतरही कितीतरी दिवस तिला हे लागून राहिलं होतं. पप्पा समजूत घालायचे, "अगं, तू सारखी माझ्याकडे बघूनच बोलतेस. तुला कसं कळणार?" त्यावर ती लाजायची आणि चिडायचीही.

पुढे चिंचवडला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपा. मशीन मिळालं, कानामागे अडकवायचं, बदामी रंगाचं. ते शिट्टी मारायचं. सिनेमाला लावलं तर गाणी, पंखा, बाहेरचा टेम्पो, सगळं सारख्याच आवाजात ऐकू यायचं. पप्पा म्हणाले, "ह्याच्यापेक्षा कव्हर बरं." वर्कशॉपमध्ये त्यांनी बरेच महिने कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस आपणहून सुपरवायझरला सांगितलं. त्याने फक्त विचारलं, "कुठला कान?" पप्पा म्हणाले, "दोन्ही." तो म्हणाला, "माझा डावा." पप्पांना स्टोअरमध्ये घेतलं, गेटवर नाही. काही वर्षांनी ते चाकणच्या एका कंपनीत गेले आणि तिथूनच निवृत्त झाले.

पण ते चाकणला जायच्या आधी एक गोष्ट घडली, तीही काकूंमुळेच. लायब्ररीत डीव्हीडी यायला लागल्या होत्या. एकदा आईच्या हाताने त्यांनी एक हिंदी सिनेमा पाठवला आणि मला बोलावून सांगितलं, "ह्यात बटन दाबलं की खाली अक्षरं येत्यात. विंग्रजी हायेत, पण येत्यात. तू हायेस की वाचायला."

आमच्याकडे डीव्हीडी प्लेयर नव्हता. तो आला दिवाळीला. पहिल्या सिनेमाला मी पप्पांच्या शेजारी खाटेवर बसले आणि खाली येणारी ओळ वाचून त्यांना मराठीत सांगायला लागले. मी एक ओळ सांगेपर्यंत तीन निघून जायच्या. आई म्हणाली, "तू सांगू नको, सिनेमा थांबव." मग आम्ही थांबवून थांबवून बघायला लागलो. एक सिनेमा दोन-दोन सुट्ट्यांना पुरायचा. पप्पा दहावीपर्यंत शिकलेले. अक्षरं येत होती, शब्द येत नव्हते. मी शाळेतली डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायचे. "बिट्रे म्हणजे?" "दगा देणे." "हां, हे तर लागणारच." तो शब्द हिंदी सिनेमात इतक्या वेळा यायचा की पप्पांना पहिल्या महिन्यात पाठ झाला.

आता कव्हर वाचायची त्यांची रीत बदलली. पुढचं चित्र नाही, मागची कथा नाही. कव्हर हातात आलं की ते थेट उलटं करायचे आणि अगदी खालच्या ओळीवर बोट ठेवायचे. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, सबटायटल्स, इंग्लिश. ते असलं की सिनेमा चांगला. नसलं की कितीही मोठा हिरो असो, परत अल्बममध्ये. पाच-पाच सिनेमे भरलेल्या स्वस्त डीव्हीडींची कव्हरं यायची. त्यावर ती ओळ छापलेली असायची आणि आत काहीच नसायचं. पप्पांना त्याचा फार संताप यायचा. आयुष्यात ते कुणाशी भांडले नाहीत, पण त्या कव्हरांशी भांडायचे. "छापताना लाज वाटत नाही ह्यांना," ते म्हणायचे.

गंमत अशी की गोष्ट आधी न वाचल्यामुळे आता त्यांनाही माहीत नसायचं, कोण दगा देणार. पहिल्यांदा असा प्रसंग आला तेव्हा ते खाटेवरून निम्मे उठले. "हा? हा पण?" आईला हसू आवरेना. त्यांचा दरारा गेला, पण ते आमच्याबरोबर बसून सिनेमा बघायला लागले. आधी ते काय बघत होते ते मला आता कळतं. आम्ही सिनेमा बघायचो, आणि ते कव्हरवरची गोष्ट पडद्यावर बरोबर उतरते आहे की नाही, हे तपासून बघायचे.

तरी त्या कंडक्टरच्या सिनेमाबद्दल मी पुष्कळदा विचार केला आहे. पुढे तो टीव्हीवर लागला तेव्हा सुरुवातीपासून पाहिला. कॉलेजात असताना एकदा मैत्रिणीबरोबर पाहिला. चांगला आहे. पण शेवट आला की मला पप्पांचाच शेवट दिसतो. भिंतीकडे तोंड केलेली म्हातारी, आणि तिच्या उशाशी बसलेला तो, तिने न वाढवलेला, वाईट वाटेने परत आलेला मुलगा. तिला कळलेलं आहे आणि ती बोलत नाही. चुकीचं कव्हर आणि न ऐकलेलं एक वाक्य, एवढ्यावर पप्पांनी हे रचलं होतं. मैत्रिणीला मी ते सांगितलं तर ती म्हणाली, "हे सिनेमात हवं होतं." मी पप्पांना तिचं म्हणणं सांगितलं. त्यांना तो सिनेमाच आठवत नव्हता.

आता मोशीत ती शेतं नाहीत. काकूंचं घर पाडून तिथे इमारत झाली. खाली दुकानं आहेत, काकू वर राहतात. लायब्ररी त्याच्या आधीच बंद झाली होती. सीड्या भंगारवाल्याने नेल्या. मध्ये मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी लाइटचं बिल दाखवायला एक अल्बम काढला. त्याच प्लास्टिकच्या कप्प्यांत आता सोसायटीच्या पावत्या, आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि औषधांचे कागद होते. मी विचारलं, "काकू, कव्हरं?" त्या म्हणाल्या, "नातवंडांनी घर घर खेळून फाडली. चांगली होती न्हाई?" मी म्हटलं, "फार चांगली होती." मग आम्ही बराच वेळ कुठल्या कव्हरवर काय होतं, ते आठवत बसलो. सिनेमे आम्हा दोघींना फारसे आठवत नव्हते. कव्हरं मात्र रंगांसकट आठवत होती.

मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. आम्ही मोशीतच नव्या सोसायटीत राहतो आणि आईपप्पा शेजारच्या बिल्डिंगमध्ये. माझी मुलगी वर्षाची झाली आहे. दुपारी ती त्यांच्याकडे असते. टीव्हीवर ज्याच्या त्याच्या नावाचं खातं आहे. कव्हर म्हणजे आता टीव्हीवरचं एक लहान चित्र, आणि तेही प्रत्येकाला वेगळं दिसतं. एकच सिनेमा पप्पांना बंदूक धरलेला माणूस दाखवतो आणि आईला लग्नातलं जोडपं. एकदा दोघांचं यावरून चांगलंच वाजलं. आई म्हणाली, तो मी कालच बघितला, लग्नाचा आहे. पप्पा म्हणाले, त्यात कुठे लग्न आहे, खुनाचा आहे तो. शेवटी दोघांनी मिळून बघितला. त्यात लग्नही होतं आणि खूनही होता.

मागच्या रविवारी मीही त्यांच्याकडे होते. जेवणं झाली होती. मुलगी आईच्या मांडीवर झोपली, म्हणून आईने टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायला सांगितला. पप्पांनी एक सिनेमा लावला आणि खालची अक्षरं सुरू केली. मशीन त्यांनी काढून टेबलावर ठेवलं होतं. आई आता चष्मा लावून हळूहळू हिंदी अक्षरं वाचते. मीही तीच वाचते, पण फोनवरही माझं लक्ष असतं. पप्पा मात्र ओळ आली की एका नजरेत संपवतात आणि उरलेला वेळ माणसांचे चेहरे बघतात. एका विनोदाला ते आमच्या आधी हसले. आईने त्यांच्या दंडाला चापट मारली, म्हणजे थांबा, मला वाचू द्या. मग ती हसली, मग मी. खोलीत पंख्याशिवाय आवाज नव्हता.

मुलगी उठून रांगायला लागली तेव्हा सिनेमा अर्ध्यावर आला होता. आवाज पुन्हा सुरू करायचं आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही.